उजवीकडून जा हो, प्लीज!

पनवेलच्या चौकात एखाद्या इंजिनीअरला पंधरा दिवस उभं करा. डायरी किश्शांनी भरते आणि डोक्यावरचे केस जातात!

आमचं डिझाइन साधं होतं. पुलाखाली सगळ्या गाड्या थोडा वेळ रस्त्याच्या उजव्या बाजूने न्यायच्या, मग परत डावीकडे. म्हणजे वळणाऱ्या गाड्या समोरच्यांना आडव्या जात नाहीत. पंधरा दिवसांची ट्रायल. जमलं तर पक्कं काम, नाहीतर माझी दोन वर्षांची मेहनत कचऱ्यात.

*

पहिल्याच दिवशी एका बाइकवाल्याला बाण दाखवला. हा पठ्ठ्या रोज उलट्या दिशेने येतो, मी स्वतः पाहिलंय! तो मलाच म्हणतो, "राँग साइडने जाऊ? कायदा वगैरे काही आहे की नाही?" आणि डावीकडे घुसून थेट बससमोर जाऊन उभा राहिला.

*

न्हावा शेव्याहून आलेला कंटेनरवाला मध्येच थांबला. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ.

"काका, चला ना!"

"पुढचा गेला की जातो."

पुढे कुणीच नव्हतं!

"तेच तर! कुणीच जात नाही, म्हणजे काहीतरी लफडं असणार."

*

एका बाईंनी गाडीची काच खाली केली. "हे परदेशात चालतं का?"

"हो मॅडम, मस्त चालतं."

"मग तिकडेच ठेवायचं ना!"

*

आमचे बाबा आले. स्कूटर बंद केली, उतरले आणि फुटपाथवरून ढकलत पलीकडे गेले. सगळ्या स्टाफसमोर! घरी विचारलं, तर म्हणाले, "तुझ्यावर विश्वास आहे रे. त्या पट्ट्यांवर नाही." मला खरंच वाईट वाटलं.

*

चौदाव्या दिवशी मी हात टेकले. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब पाहणीला येणार होते. आमचे ट्रॅफिक वॉर्डन बळीराम इथल्याच शिरढोण गावचे. ते म्हणाले, "तुमी नुसतं या, जा, चला करता. आमची लोकं असं ऐकत नाय. उद्याचं माझ्यावर सोडा."

सकाळी पोचलो तर काय! बाइक, रिक्षा, ट्रेलर, सगळे सुरळीत उजवीकडून. ना थांबणं, ना हॉर्न. साहेब खूश.

"वा! पब्लिकला पटवलंत तरी कसं?"

मी बाणांच्या रंगाबद्दल सांगायला लागलो. तेवढ्यात साहेबांची नजर उजव्या लेनच्या तोंडाशी गेली. तिथे भलामोठा लाल बोर्ड होता: 'प्रवेश बंद! आत शिरल्यास कारवाई होईल.'

"हा कुणी लावला?"

"मी," बळीराम पुढे आले. "काढू का?"

"हात लावू नका त्याला!"