शिवमची खांदमळणी

माझा भाचा पाठीवर ओझं घेऊन पळतो, हे मला कळलं ते देवणीच्या एसटी स्टँडवर. पोळ्यासाठी म्हणून नांदेडहून निघालो होतो. उदगीरला गाडी बदलून, अंगाचा खुळखुळा करून घेऊन उतरलो, तर चहावाला म्हणाला, "शेषेरावचे मेव्हणे न्हवं तुमी? पोरगं येडं झालंय तुमचं. फौजंत नोकरी असून हमाली करायलंय."

शेषेराव म्हणजे आमचे दाजी. त्यांचा आणि माझ्या बहिणीचा, साखराअक्काचा, हा एकुलता एक शिवम. पायदळात लागून त्याला चार-पाच वर्षं झाली होती. पगार वेळेवर, गावात मान, अक्काचं मुली बघणं सुरू. आणि अशात या गड्यानं पॅरा कमांडोसाठी नाव दिलेलं. रजा संपली की थेट तिकडच्या परीक्षेला हजर व्हायचं. नाव कुणी घातलं नव्हतं, त्यानं स्वतःहून दिलं होतं. आमच्या रेल्वेच्या ऑफिसात जादा कामाला कुणी स्वतःहून नाव दिलं, तर आम्ही त्याला आधी डॉक्टरकडे पाठवू.

पण शिवम पहिल्यापासून असाच. बारावीला नांदेडला माझ्याकडे होता, तेव्हा कधी ऑटोत बसला नाही. पळत कॉलेजला जायचा आणि घामेजलेला पहिल्या तासाला बसायचा. गुरुद्वाऱ्यापासून स्टेशनापर्यंतचे ऑटोवाले त्याला ओळखायचे, पण सवारी म्हणून त्याला कुणी विचारायचं नाही. पोरगं सोन्यासारखं, खोट एकच. हार त्याला पचायची नाही. कॅरममध्ये हरला तरी आठ दिवस घरात मुका. जिंकल्यावर मात्र काहीच बोलायचा नाही, म्हणजे दोन्हीकडून आमच्या वाट्याला शांतताच.

घरी पोचलो तर स्वारी गोठ्यात जोर मारत होती. समोर बाळंक्या रवंथ करत त्याच्याकडे बघत होता. बाळंक्या हा दाजींचा म्हातारा देवणी बैल, अंगावर काळा ठिपका शोधून सापडायचा नाही असा पांढराशुभ्र. खुंटीला शिवमचा पिट्टू लटकत होता, म्हणजे फौजेतली पाठीवरची पिशवी. त्यात रानातली काळी माती ठासून भरलेली. सकाळी तो घेऊन निलंग्याच्या रस्त्यानं निघायचं आणि ऊन चढायच्या आत परत यायचं, असा त्याचा नेम होता.

"अंगाचं समजलं," मी म्हटलं. "मनाची तयारी कशी करतोस?"

"थंडगार हौदात बसून राहतो, मामा. अन् आई बोलायली की उलटं बोलत न्हाई."

"पहिलं सोपं आहे," मी म्हटलं. आतून अक्का म्हणाली, "मला समदं ऐकू येतंय."

मग तो गंभीर झाला. म्हणाला, "मामा, तितं कुणी हाकलून देत न्हाई. तेच तर अवघड हाय. झोप न्हाई, पोटाला न्हाई, पाठीवर वझं, अन् बाजूला गाडी उभी. आपणच म्हणायचं, बस, मला हुईना. की लगेच चहा देतेत, अन् गाडीत बसवून धाडून देतेत. मला त्या गाडीचंच भ्याव वाटतंय."

पोळ्याच्या आदल्या दिवशी पहाटेपासून पाऊस होता. अक्कानं जाऊ नको म्हणून सांगितलं, आणि त्याच्या नेमाप्रमाणे तो उलट बोलला नाही, गुपचूप निघून गेला. आता जन्म काळ्या रानात गेलेल्या माणसाला हे कळायला पाहिजे, की काळी माती पाऊस पिते. वाळू असती तर पाणी गळून गेलं असतं. ही माती पीत गेली, फुगत गेली, आणि याचं ओझं पावलागणिक वाढत गेलं. बरं, टाकावी थोडी, तर तेही नाही. एकदा पाठीवर घेतलं ते घेतलं. परतताना ओढ्याच्या पुलाजवळ त्याचे पाय थांबले आणि तो चिखलात खाली बसला. उठायला गेला, उठवेना. शेवटी मागून एक टेम्पो आला, बाजाराच्या शेळ्या घेऊन चाललेला. ड्रायव्हर ओळखीचा निघाला. त्यानं याला हात धरून मागं शेळ्यांत चढवलं. पिट्टू तिथंच राहिला.

टेम्पो नेमका मारुतीच्या पारासमोर थांबला. पारावर कोण बसलेलं असतं ते सांगायला नको, त्या दिवशी त्यांच्यात मीही होतो. "कमांडो आला रं, फौज घिऊन आला," कुणीतरी म्हणालं आणि पार हसला. मलाही आधी हसू आलं, खोटं कशाला बोलू. पण शिवमचा चेहरा बघितला आणि मी पारावरून खाली उतरलो.

तो सरळ गोठ्यात जाऊन बसला. भाकरी नेली तर खाल्ली नाही. म्हणाला, "मी नाव काढून घेतो, मामा."

"एका पावसानं?"

"पावसाचं न्हाई. गाडी आली अन् मी बसलो तिच्यात. विचार बी केला न्हाई. दाजी कायम म्हणतेत, बसका बैल दावणीला ठिऊ नये. एकदा बसला की त्याला बसायचं कळतं."

आमच्याकडे मुलंही मामाचं ऐकून बापाला दाजी म्हणायला लागतात, त्यातला हा. आणि वाक्य दाजींचंच होतं. देवणीच्या बाजारात बैल घेताना ते गाडीला जुंपून, चाकं बांधून ओढायला लावायचे. जो बैल गुडघे टेकेल त्याच्याकडे परत बघायचे नाहीत. शिवम लहानपणापासून हे बघत आलेला.

संध्याकाळी खांदमळणी होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे गरम पाण्यानं शेकायचे, हळद-लोणी लावून मळायचे, वर्षभर जू वाहिलेल्या जागेची माफी मागायची, आणि दुसऱ्या दिवशीच्या पुरणपोळीचं आवतण द्यायचं. अक्का चुलीवर पाणी ठेवत होती, दाजी हळद कालवत होते. मी शिवमचं बोलणं त्यांच्या कानावर घातलं. दाजी हळद कालवतच राहिले. अक्कानं मात्र चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं.

"सांगा की मंग पोराला," ती म्हणाली. "बाळंक्या बसला हुता का न्हाई?"

दाजींनी हळदीतून मान वर केली नाही. "जुनं झालं ते."

"जुनं झालं म्हणून खोटं झालं का? पहिल्याच पेरणीला वड्याच्या चिखलात बसला. इतके दिवस तोंड शिवून बसलाव. का, तर गावात शेषेरावच्या बैलाला नाव ठिवतेल म्हणून."

गोठ्यातून शिवम उंबऱ्याशी येऊन उभा राहिला होता. दाजींचा चेहरा ओढ्यात सापडलेल्या माणसासारखा झाला. आमचे दाजी बैलाशी तासन् तास बोलतील, पण माणसाशी बोलायचं म्हणजे त्यांना शब्द उसने आणावे लागतात. म्हणाले, "बसला हुता. लई वझं मीच भरलं हुतं. अन् वरून पाऊस."

"मंग विकला का न्हाई?" शिवमनं विचारलं.

"मारलं न्हाई त्याला. जू काढलं, बाजूला बसलो. उठला आपल्या मनानं. मंग गाडीतलं समदं वझं उतरवलं अन् रिकामी गाडी त्यालाच जुंपली. बैल गाडीच्या मागं बांधून घरी आणला, तर त्याला तेच ध्यानात राहतंय. रिकामी का असंना, गाडी त्यानंच घरी आणली." मग हात पुसत म्हणाले, "पिट्टू कुठंय तुजा?"

"पुलापाशी."

"जा. घिऊन ये. चालत."

मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी सोबत निघालो. पायात चपला, पोट पुढे, रस्ताभर चिखल. वाटेत माझी एक चप्पल रुतून तुटली, ती हातात घेतली. पुलाजवळ पिट्टू जसा टाकला तसाच पडला होता, फुगून टम्म. मी म्हटलं, "अर्धी माती काढ आणि चल." त्यानं पिट्टू उलटा केला आणि सगळी माती ओढ्यात ओतली. रिकामा, ओला, गाळानं माखलेला पिट्टू पाठीवर घेतला, पट्टे आवळले. तेवढ्यात एक ओळखीचा मोटारसायकलवाला थांबला, म्हणाला, "बसा, सोडतो." मला तर तो देवच वाटला. शिवम म्हणाला, "मामाला न्या. मी येतो चालत." आता अशा वेळी मामानं बसायचं असतं का? मीही चालत आलो, एका पायानं अनवाणी, मनातल्या मनात भाच्याला शिव्या घालत. आणि खरं सांगतो, मला त्याचा फार अभिमान वाटत होता.

पारावरची मंडळी तशीच बसलेली होती. रिकामा पिट्टू घेऊन आम्ही समोरून गेलो. कुणी काही बोललं की नाही, माझ्या लक्षात नाही. शिवमनं खाली मान घातली नाही, तेवढं लक्षात आहे.

दाजींनी खांदमळणी सुरूच केली नव्हती. पाणी दोनदा तापवून झालं होतं. शिवम आला तेव्हा त्यांनी आधी बाळंक्याचा खांदा शेकला, लोणी चोळलं, मग जोडीच्या बैलाचा. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या," असं दोघांच्या कानात म्हणाले. वाटीत थोडं हळद-लोणी उरलं होतं. अक्कानं शिवमला पाटावर बसवलं आणि सदरा काढायला लावला. दोन्ही खांद्यांवर पट्ट्यांनी कातडं सोलून निघालेलं. बैलाचा असा खांदा झाला तर आमच्याकडे खांदा आला म्हणतात आणि त्याला जुंपत नाहीत. अक्का बघत राहिली. मग वाटी तिनं दाजींच्या हातात दिली. दाजींनी पोराचे खांदे मळले, हळूहळू. शिवमनं डोळे मिटून घेतले होते आणि तो रडत होता. आम्ही सगळे चुलीकडे बघत होतो.

पुढच्या दिवसांत पिट्टूत आधी पाणी आत शिरू नये म्हणून खताची रिकामी पिशवी आली, मग तिच्यात कोरडी माती. रजा संपल्यावर शिवम गेला. देवणीच्या स्टँडवर अक्कानं त्याला लाडू दिले आणि भरपूर सूचना दिल्या. दाजी लांब उभे होते. गाडी सुटताना खिडकीपाशी आले आणि एवढंच म्हणाले, "आवतण घिऊन जा."

त्यानंतर त्याचा फोन नाही. दसरा गेला, दिवाळी गेली, रानात ज्वारी कणसाला आली. वेळअमावास्येच्या सणाला मी गावी होतो, रिवाजाप्रमाणे शेतात सगळे जेवायला बसलो होतो, तेव्हा अक्काचा फोन वाजला. शिवम होता. पास झाला होता, पॅरा कमांडोची मरून रंगाची टोपी मिळाली होती. अक्काला पुढं बोलता येईना, म्हणून तिनं फोन दाजींच्या कानाला लावला. दाजींनी अभिनंदन केलं नाही. तब्येत विचारली नाही.

"बसलास का कुठं?" त्यांनी विचारलं.

फोनचा आवाज मोठा होता, मलाही ऐकू आलं.

"बसलो, दाजी. दोनदा," शिवम म्हणाला. "पर गाडी मीच घरी आणली."

दाजींनी फोन अक्काकडे दिला, पानातली भाकरी उचलली, आणि जेवण तसंच टाकून बाळंक्याला द्यायला गेले.