संडास जोडलेला गोबरगॅस

स्वच्छतेचा मला भारी सोस. त्यापायी मी एकदा आमचा चालता गोबरगॅसच मारून टाकला. नव्वदच्या दशकात सरकारचं धोरणच होतं की काही वाया घालवायचं नाही: घाणीचा गॅस करा, उरलेल्या शेणाच्या रबडीचं खत करा. शेणाच्या टाकीला संडासही जोडला तर अनुदान जास्त. कोपरगावकडच्या आमच्या मळ्यात आम्ही तो जोडला. निळी ज्योत बघून मी हरखले, सासूबाईंनी नाक धरलं.

"त्या ग्यासवरचं मी खानार न्हाई."

झालं! घरच्यांचा स्वयंपाक गॅसवर, सासूबाईंची भाकरी अंगणातल्या चुलीवर आणि दोन्हीकडे राबणारी मीच. सुधारणेनं काम कमी व्हायचं, ते दुप्पट झालं.

त्यांची किळस जावी म्हणून मी शहाणी रोज संडासात फिनेल ओतायला लागले. "बघा, देवघरासारखा लख्ख झालाय," असंही त्यांना ऐकवलं. हळूहळू ज्योत मिणमिणली, मग विझलीच. पंचायत समितीचा माणूस आला, वास घेऊन म्हणाला, "ताई, गॅस करणारे जंतूच मारलेत तुम्ही. आता टाकी उपसा, नवं शेण भरा."

दिवसभर टाकी उपसून अंगणात आले, तर सगळ्यांच्याच भाकरी चुलीवर व्हायच्या होत्या. सासूबाईंनी माझ्या हातातली परात ओढून घेतली.

"घानीचं काम घानीला करू द्यावं, बाय. तू लई दमलीस, बस जरा."