दोन दारं

"तुझ्या लॅपटॉपनं टोमॅटोचा प्लॉट बुडवला, आन् वर मलाच शिकवतीस व्हय?" चिखलाचे पाय तसेच घेऊन कुंडलिकआबा ओट्यावर बसले होते.

"लॅपटॉपनं न्हाय आबा. माझ्या एका ओळीनं," सून वृषाली म्हणाली.

"इतकी वर्षं खोरं घेऊन पाण्याची दारं धरली. कधी सरी फुटली न्हाय. उद्या ते समदं काढून टाकायचं."

"फुटली होती की, आपल्या लग्नाच्या साली," आतून धोंडाबाई म्हणाल्या. "भाकरी गार व्हायलीय. दळण ऱ्हायलंय. वृषाली, तुझ्या आईचा फोन आलता."

सासूबाईंचं हे असंच. काम, टोमणा, निरोप एका दमात. त्यातलं काम तेवढं वेचून घ्यायला वृषाली सात वर्षांत शिकली होती. लॅपटॉपवर लिहिलेल्या प्रोग्रामला, तिच्या स्क्रिप्टला, मात्र तिने ते शिकवलं नव्हतं.

स्क्रिप्ट दर तासाला मातीतल्या ओलीचे आकडे फाइलीत लिहायची. ती फाइल वाचून पाण्याचे व्हॉल्व्ह उघडायचे, मिटायचे. स्क्रिप्टला तोंडं दोन: एक उत्तराचं, दुसरं तक्रारीचं. वृषालीने दोन्ही एकाच फाइलीत सोडली होती. काल उंदराने मातीतल्या सेन्सरची तार कुरतडली आणि आकड्याच्या जागी 'तार लागत नाही' हे वाक्य गेलं. व्हॉल्व्हला वाक्य कुठलं कळायला? उघडा होता तो उघडाच राहिला.

लॅपटॉप घेऊन ती बांधावर जाऊन बसली. उजनी धरणाचं पाणी ओसरलं होतं, जुन्या देवळाचं शिखर वर आलं होतं. त्याला वळसा घालताना पाणी दुभंगायचं; एका बाजूला लखलखतं, दुसऱ्या बाजूला काळंशार. ती बघत राहिली. पडद्यावरची अक्षरंही हळूहळू वाहू लागली आहेत, आकडे रोपांकडे निघालेत, तक्रारी देवळामागे वळल्यात, असं तिला वाटत राहिलं. मग तिने दोनचा आकडा लिहिला, त्यापुढे बाणाची खूण, पुढे नवी वाट.

"काय चाललंय?" मागे आबा उभे होते, हातात खोरं.

"दारं धरतेय. एक नंबरचं पाणी व्हॉल्व्हकडं. दोन नंबरचं, गाऱ्हाण्याचं, तुमच्या मोबाईलवर. आकडा आलाच न्हाय, तर व्हॉल्व्ह मिटणार."

तिने व्हॉल्व्ह उघडला, एक तार उपटली आणि तासाची वाट न बघता स्क्रिप्ट चालवली. आबांच्या खिशात मोबाईल वाजला. पलीकडे पाण्याचा आवाज थांबला.

आबांनी तो मेसेज दोनदा वाचला. "हे तुझ्या सासूला बसवता येईल का गं?"

जेवायला बसल्यावर ते म्हणाले, "पाण्याचं आता वृषाली बघंल. व्हॉल्व्हला कुणी हात लावायचा न्हाय. मीबी न्हाय. वाढा."