कारखान्यातलं हिरवं लुगडं

पनवेलात डासांवर चिडणारे घरोघर होते, पण हवेवर चिडणारा माणूस उभ्या गावात एकच होता आणि तो नेमका आमच्या आत्याचा नवरा निघावा, हे आमच्या घराण्याचं भाग्य! आम्ही त्यांना आतोबा म्हणायचो. त्या काळी गावाबाहेर खाडीच्या अंगाला मोटारींचे नटबोल्ट बनवणारा एक कारखाना होता. आतोबा तिथे फोरमन आणि त्यांच्याच वशिल्यानं मी कारकून. ओळीनं लेथ चालायचे. लोखंड कातताना तापू नये म्हणून त्यावर तेलाची धार सोडलेली असायची, आणि गरगरत्या लोखंडावर पडलं की त्या तेलाचे इतके बारीक कण उडायचे की सगळ्या शेडमध्ये निळसर धुकं भरून राहायचं. कारखाना म्हटला की तेल उडायचंच, असं शेठचं म्हणणं. आतोबा म्हणायचे, "तेल जमिनीवर सांडलं तर बोंब मारता, आणि माणसांच्या छातीत सांडतंय त्याचं काय?"

हे वेड कारखान्यापुरतं राहिलं असतं तरी आम्ही सोसलं असतं. पण आतोबा कोणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवरून बोट फिरवायचे, ते नाकाशी न्यायचे आणि मग "काय, बरं आहे ना?" म्हणून विचारायचे. माझ्या लग्नात पुऱ्यांच्या कढईचा धूर मांडवात येतो म्हणून त्यांनी आचाऱ्याची चूल पेटत्या लाकडांसकट हलवायला लावली. वारा फिरला आणि सगळा धूर मुलीकडच्या पंगतीवर गेला. सासूबाई पदरानं डोळे पुसत होत्या; त्या मुलीच्या विरहानं रडताहेत असं मी पुढे कित्येक वर्षं समजत होतो.

तरी या वेडाला कारण होतं, आणि त्याचं नाव नामा. शिरढोणच्या बाजूचा हा गडी मोठ्या लेथवर होता. अंगानं काडी, पण गळा असा की गौरीच्या नाचाला त्यानं वरचा सूर लावला की खाडीपलीकडची माणसं होडी काढत. आतोबांना गाण्यातलं ओ की ठो कळत नसे. नामाचं गाणं मात्र ते गुपचूप खांबाआड उभं राहून ऐकायचे आणि कोणी पाहिलं की खांब तपासतोय असं दाखवायचे. त्या नामाचा गळा बसायला लागला. आधी सकाळचा खोकला, मग दिवसभराचा, मग बोलताना घरघर. डॉक्टरांनी सांगितलं, हे तेलातलं काम सोड, नाहीतर आवाज विसर. नामा आतोबांसमोर येऊन उभा राहिला. "मिस्त्री, काम सोरला त खाव काय? आन गाना सोरला त जगू कशाला?" आतोबांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि त्या दिवसापासून हवेशी उघड युद्ध पुकारलं.

पहिली लढाई पापडांची. हवेत तेल आहे हे शेठला पटवायचं कसं? आतोबांनी आत्यानं उन्हाळ्यात घातलेले उडदाचे पापड डब्यातून लांबवले आणि एकेका लेथवर एकेक दोऱ्यानं टांगला. संध्याकाळी ते निखाऱ्यावर धरायचे. दाराजवळचा पापड शहाण्यासारखा भाजला जायचा. नामाच्या लेथवरचा भडकन पेट घ्यायचा. "बघा, बघा! हवा पेटतेय!" असं ओरडत नाचताना त्यांची अर्धी मिशी गेली. शेठनी अर्ध्या मिशीकडे पाहिलं, पापडाकडे पाहिलंच नाही. दाराजवळचा पापड एका कामगारानं खाऊन टाकला आणि "मिस्त्री, मीठ कमी हाय," असा अभिप्राय दिला. हा अभिप्राय घरी पोचल्यावर आत्या आठवडाभर आतोबांशी बोलली नाही.

मग आलं लुगडं. धुकं लेथवरूनच खेचून छपराबाहेर फेकायचं, अशी योजना होती. पत्र्याच्या नळाला शेठ परवानगी देईनात, म्हणून आतोबांनी आत्याचं जुनं हिरवं नऊवारी शिंप्याकडून नळीसारखं शिवून आणलं, एक तोंड नामाच्या लेथवर बांधलं, दुसरं छपराच्या भोकात, आणि तिथे जुना पंखा उलटा बसवला. पंखा सुरू झाला आणि लुगडं असं टरारून फुगलं की सगळ्या शेडनं टाळ्या पिटल्या. नामाच्या भोवतीचं धुकं खरोखर वर ओढलं जात होतं! दुसऱ्या दिवसापासून कामावर येताच कोणीतरी हाळी द्यायचं, "आत्याबायला चालू करा रं!" हे आत्याच्या कानावर गेलं तेव्हा तिनं काय केलं ते न सांगितलेलं बरं. पण कापड ते कापडच. आठवड्याभरात ते तेलानं भिजून जड झालं आणि एके सकाळी फेरीवर आलेल्या शेठच्या काळ्या टोपीवर टपटप ठिबकलं. "कारखाना आहे की धुणं वाळत घातलंय? उतरवा ते!" लुगडं उतरलं. नामा पुन्हा खोकू लागला.

आता शेठ माणूस वाईट नव्हते, फक्त फार सोवळे होते. कांदालसूण सोडाच, ज्या दुकानात अंडी मिळतात तिथून ते काडेपेटीही घेत नसत. शेडच्याच कोपऱ्यात फळ्यांचा आडोसा करून त्यांची खोली होती आणि दुपारी ते तिथे चांदीच्या पेल्यातून दूध घेत. एके दुपारी मी बिलं घेऊन आत उभा होतो. आतोबा आले, दुधाकडे टक लावून पाहत राहिले आणि सहज म्हणाले,

"शेठ, आपल्या ह्या तेलात चरबी असते, ठाऊक आहे ना?"

"कसली चरबी?"

"जनावराची. हत्याराची धार टिकते त्यानं. तेलवाल्यालाच विचारा."

शेठचा पेला ओठांपाशी थांबला. "पण ते तेल तिकडे लेथवर आहे."

"लेथवर आहे, हवेत आहे," आतोबा वाकून म्हणाले, "आणि दुधावर ही जी चमक दिसते ना..."

पेला खाली ठेवला गेला. शेठ जे उठले ते थेट विहिरीवर गेले आणि कपड्यांसकट डोक्यावर पाणी ओतून घेऊ लागले. ओलेत्यानंच त्यांनी तोड सुचवली, "मी खोली रस्त्यापलीकडे नेतो." आतोबा शांतपणे म्हणाले, "खाडीचा वारा दुपारी तिकडेच जातो." माणसांच्या छातीनं जे झालं नाही ते शेठच्या सोवळ्यानं केलं. महिना उलटायच्या आत प्रत्येक लेथला झाकण आलं, पत्र्याचे नळ आले, छपरावर मोठा पंखा आला, आणि बिनचरबीचं तेल आलं. शेडमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकाचा माणूस ओळखू येऊ लागला, तेव्हा काहींनी शेजारच्या लेथवर कोण आहे हे प्रथमच पाहिलं, असं आतोबा छातीठोकपणे सांगत.

त्यानंतरच्या गौरींना नामानं आम्हा दोघांना गावी बोलावलं. भर दुपारी अंगणात फेर धरला होता. नामा उभा राहिला, गायला लागला, आणि आवाज स्वच्छ होता! घरघर नाही, खोकला नाही. आतोबा इतके हरखले की चुकीच्या ठेक्यावर टाळ्या वाजवत सबंध फेर बिघडवू लागले. मग वरच्या सुराची ओळ आली. नामानं छातीवर हात ठेवला, धाकट्या भावाला खूण केली, आणि ती ओळ भावानं म्हटली. बरी म्हटली. फेर चालूच राहिला.

नामा घाम पुसत आमच्याजवळ येऊन बसला. "बरा हाय मिस्त्री, आता खोकला नाय."

"आणि वरचं?" आतोबांनी विचारलं.

"ता गेला त गेला," नामा हसून म्हणाला. "बाकीच्या पोरांचा तरी राहल."

परतताना आतोबा मिठागराच्या बांधावरून पुढे पुढे चालले होते. बांध संपत आला तेव्हा ते थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती चरबी मला वर्षभर आधी का रे सुचली नाही?"

मला फार वाईट वाटलं. मी त्यांचा हात धरला. हात धरू देणाऱ्यातले ते नव्हते, पण त्या दिवशी त्यांनी तो सोडवून घेतला नाही.