चिकटमामाची पट्टी

त्याच्या मनगटात टेपची दोन-तीन रिळं बांगड्यांसारखी अडकवलेली असायची, म्हणून बँडमधली पोरं त्याला चिकटमामा म्हणत. गाणाऱ्याचा तर तो सख्खा मामाच. बहिणीने मुलाला बँडमध्ये जाऊ दिलं तेव्हा एवढंच म्हणाली होती, "हे वेड तू लावलं नाहीस, मान्य. पण तो पडला तर मी तुलाच विचारीन."

पडायला या पोरांना निमित्त लागत नसे. ड्रमवाला काठ्या उधळायचा; एक लाइटवाल्याच्या भुवईत बसली होती. बेसवाला स्पीकरच्या थप्पीवर चढला आणि थप्पीसकट खाली आला. मोडलेलं हाड तो पदकासारखं मिरवत फिरे. भाच्याचा खेळ मात्र सगळ्यांवर कडी करणारा. शेवटच्या गाण्यात तो अनवाणी, डोळे मिटून, लोकांकडे पाठ करून स्टेजच्या कडेकडे उलटा चालत यायचा. टाचेला टेप लागली की थांबायचा आणि मागे रेलायचा. लोकांच्या काळजाचा ठोका चुके. त्याचा चुकत नसे, कारण टेप मामाने लावलेली असे, कडेपासून मोजून तीन विती आत.

हा नेम वस्तादांचा. स्पीकर भाड्याने देणाऱ्या दुकानात मामा त्यांच्या हाताखाली एकोणीस वर्षं राबला. वस्ताद स्टेजवर रांगत, फळ्या चाचपत टेप लावत. "कापडाला नको, लाकडाला विचार," असं त्यांचं पालुपद. टेप ते दातांनी तोडत, आणि पुढचा एक दात पडलेला असल्याने तुटलेल्या टोकाला मधोमध एक इवलीशी जीभ उरे. ते जाऊन तीन वर्षं झाली होती. मामा कात्री वापरी, आणि गुडघे दुखायला लागल्यापासून खाली उभं राहूनच, हात लांबवून टेप लावी.

त्या दिवशीचा कार्यक्रम मैदानात होता, संध्याकाळी पाचला. स्टेज छातीइतकं उंच, वर काळं कार्पेट ताणून बांधलेलं. दुपारी मामाने कार्पेटच्या कडेपासून तीन विती मोजल्या, पांढरी पट्टी लावली आणि चहाला गेला. परत आला तर पट्ट्या दोन. दुसरी त्याच्या पट्टीच्या बरीच आत, दोरी धरून लावल्यासारखी सरळ.

बेसवाल्याचा चावटपणा, असं म्हणत तो मागच्या जिन्याने वर गेला आणि पट्टी ओढून काढली. टोकाशी येऊन हात थबकला. मधोमध जीभ होती. आणि टोक ओलसर होतं.

त्याने गोळा करून ती खिशात कोंबली आणि खाली येऊन पहिल्या खुर्चीत बसला. पोरं शाळेच्या खोलीत जेवत होती, त्यांचं हसणं मैदान ओलांडून येत होतं. रिकाम्या स्टेजवर पांढरंफटक ऊन. त्याने नजर हलवली नाही. फक्त एकदा पायाशी सुटलेला प्लग बसवायला वाकला, आणि वर पाहिलं तर पट्टी परत जागेवर होती. खिसा चाचपला. गोळा खिशातच होता.

भाचा आला तो वैतागूनच. "ही आतली काढ ना, मामा. इथेच थांबलो तर काय मजा? लोक म्हणतील, पोरगं घाबरलं."

"नाही काढणार."

"पण का?"

वस्तादांनी लावली, असं सांगावं तर पोरं वेड्यात काढणार. "पायाला लागेल तिथे थांबायचं," मामा म्हणाला. "नाहीतर आत्ता तुझ्या आईला फोन लावतो."

चिकटमामाने पोराला पदराखाली घेतलं म्हणून बेसवाला खिदळला. भाचा तोंड फिरवून निघून गेला.

शेवटचं गाणं आलं. भाचा उलटा चालू लागला. समोर, दूरच्या टेबलाशी मामा हेडफोन घालून उभा होता. टाच आतल्या पट्टीला लागली, पाऊल थांबलं. मग पोराने हट्टाने टाच उचलली, पट्टी ओलांडायला. तेवढ्यात पोराची पाठ एकदम ताठ झाली आणि पाय होता तिथे खाली आला.

कार्यक्रम संपल्यावर भाचा टेबलाशी येऊन पुटपुटला, "पाठीवर हात कशाला ठेवायचा? थांबलोच असतो मी."

मामाने टेबलापासून स्टेजपर्यंतचं अंतर नजरेने मोजलं. लोक पांगल्यावर तो वर चढला, आपल्या पट्टीपर्यंत गेला आणि पाऊल टाकलं. कार्पेट दबलं. खाली काहीच नव्हतं. तो मागे बसला म्हणून वाचला. कार्पेटची दोरी सोडून पाहिलं: फळ्या त्याच्या पट्टीच्या अलीकडेच संपल्या होत्या. पुढे बॅनरसाठी एक पाइप आडवा बांधलेला, आणि मांडववाल्यांनी कार्पेट थेट पाइपापर्यंत ताणलेलं. मधे चार विती पोकळी, खाली लोखंडी सळया. त्याने मोजल्या होत्या त्या तीन विती पाइपापासूनच्या. त्याची पट्टी हवेवर चिकटवलेली होती.

आतली पट्टी त्याने फळीच्या टोकापासून मोजली. तीन विती भरल्या आणि वर चार बोटं उरली. पुन्हा मोजली, तेवढंच. मग त्याला आठवलं, वस्तादांचा पंजा मोठा होता.

बहिणीला त्याने कधी काही सांगितलं नाही. आता तो गुडघ्यांना फडकी बांधून रांगतो, लाकूड चाचपतो, मगच टेप लावतो. मग रीळ स्टेजच्या कडेला ठेवून चहाला जातो. परत आल्यावर आधी पट्ट्या मोजतो.

अजून तरी एकच भरते.