देव्हाऱ्यातली चावी

मंडळी, आज दसऱ्याच्या दिवशी माझी चांगलीच जिरली.

संत्र्याच्या बागेत रानडुकरं घुसतात म्हणून आमच्याकडे परवान्याची बंदूक आहे. तिच्यासाठी यंदा मी भिंतीला बोल्ट मारून लोखंडी तिजोरी बसवली. काडतुसं वेगळ्या पेटीत कुलपात, नळीला तेल, ओल धरू नये म्हणून आत सिलिका जेलच्या पुड्या. घरी येईल त्याला कौतुकानं सांगत होतो.

सकाळी शस्त्रपूजा झाली. ओल्या कुंकवानं गंज धरतो म्हणून ते पुसून काढलं, बंदूक आत ठेवून कुलूप लावलं. दुपारी शेजारच्या पोरी सोनं द्यायला आल्या. त्यातल्या एकीनं माझ्या पहिलीतल्या चिनूला विचारलं, "बंदूक कुठी गेली वं?"

"तिजोरीत. चावी देवाखाली रायते. दाखवू?" आणि चिनू पाटावर चढलीसुद्धा.

चिवड्याची प्लेट माझ्या हातातच राहिली.

आमच्या घरी सगळ्याच चाव्या देव्हाऱ्यात असतात, म्हणून हीसुद्धा तिथेच. मी ती उचलली तर आई चिडली. "देवापाशी चोरबी हात लावत नाई. काहून हलवून राहिला?"

"चोर देवाले भेते, आई. चिनू कायले भेते? रोज देवाले आंघोळ तीच घालते ना."

चावी आता माझ्या करदोड्याला आहे.

तुम्ही चावी कुठे लपवता, ते मला सांगू नका. आज जेवताना तुमच्या लेकराला विचारा.