शिळाछापाच्या कापलेल्या कडा

त्या चित्राच्या चारी कडा माझ्यामुळे गेल्या. ब्लेड मित्राच्या हातात होतं, पण काप म्हणून मीच सांगितलं होतं.

मी रिसोडला शाळेत चित्रकला शिकवतो. मित्र माझ्याच वर्गातला. दहावीनंतर मी डिप्लोमाला गेलो, तो दुकानांच्या पाट्या रंगवू लागला. मंगरूळपीरच्या एका भंगारवाल्याकडे त्याला शिवणदोऱ्याची जुनी विलायती जाहिरात मिळाली. मांडीवर रीळ घेऊन बसलेली, निळ्या झग्यातली बाई. एकोणिसाव्या शतकातली असावी. ती घेऊन तो थेट माझ्या घरी आला आणि त्याने भिंग माझ्या हातात दिलं.

"पाह्य मास्तर, गालावरचे ठिपके. एकासारखा दुसरा नाई. हे मशीनचं काम नोहे, कोनं तरी हातानं देल्ले. अन् हा निळा पाह्य, झग्याच्या बाहीर सरकला. म्हंजे दर रंगाचा ठसा येगळा असन."

अगदी बरोबर होतं. तेलकट खडूने दगडावर उलटं चित्र काढायचं, दगड ओला करायचा, मग शाई फक्त तेलकट रेघांना धरते. रंग बदलला की दगड नवा. हे मी वीस वर्षं मुलांना फळ्यावर लिहून देत आलो. खरा शिळाछाप मात्र कधी हातात धरला नव्हता. आणि हा माणूस एक ओळ न वाचता नुसतं पाहून सांगत होता.

"अन् कडेले ह्या फुल्या कायच्या बे?"

सगळ्या दगडांचे ठसे नेमके एकावर एक बसावेत म्हणून त्या खुणा असतात, आणि कडा कापल्या की अशा जुन्या छापाचं मोल जातं. तेवढंच त्याला माहीत नव्हतं आणि मला होतं. तेही मी दिलं नाही.

"ऑफसेटची कॉपी हाय," मी म्हणालो. "कडा कापून टाक अन् फ्रेम कर. चांगली दिसन."

त्याने वाद घातला नाही. माझ्या शिक्षणावर त्याचा माझ्याहून जास्त विश्वास होता.

पुढच्या आठवड्यात त्याच्या दुकानात गेलो. चित्र फ्रेममध्ये होतं, फुल्या नव्हत्या. तो गिऱ्हाइकाला हसत सांगत होता, "कॉपी हाय भाऊ. म्या येडा, असली समजून बसलो होतो. मास्तरले दाखोलं म्हनून समजलं."

ते मला ऐकवेना. गिऱ्हाईक जाईपर्यंतही थांबलो नाही.

"असली हाय ते," मी म्हणालो. "मले तवाच समजलं होतं. तुले माह्यापेक्षा जास्त दिसलं, ते सोसलं नाई म्हनून खोटं बोललो. त्या कडा म्याच कापल्या, गड्या. मले माफ कर."